मखमली कोटाविरुद्ध संप

मे महिन्यात माणसाला मखमली कोट घालायला लावणं हा गुन्हा आहे. पत्रकात मी हे वाक्य सगळ्यात वर, जाड अक्षरात टाकलं होतं आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही. ज्यांना पटत नसेल त्यांनी आमच्या नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात यावं. लाल मखमलीचा, आतून जाड अस्तराचा, खांद्यावर सोनेरी झालर असलेला कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घालावा, पोटाशी ढोल बांधावा आणि भर उन्हात डांबरी रस्त्यानं मारुतीच्या देवळापर्यंत वाजवत जाऊन दाखवावं. मग आपण चर्चा करू.

माझे मामा मिरजगावच्या एका बँडमध्ये ढोल वाजवतात. मी नगरला असते. एमआयडीसीतल्या कामगार संघटनेचं काम करते. काम म्हणजे शिफ्ट सुटताना कारखान्याच्या गेटवर उभं राहून पत्रकं वाटणं, आणि ती पत्रकं आधी लिहिणं. कंत्राटी कामगाराला कायम करा, बायकांच्या संडासाला आतून कडी बसवा, कँटीनच्या डाळीत डाळ टाका. असल्या मागण्या लिहून लिहून माझा हात इतका बसलाय की आईला बाजारातून काय आणायचं त्याची चिठ्ठी लिहून दिली तरी शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' असं आपोआप येतं.

तर गेल्या उन्हाळ्यात पाथर्डीकडच्या एका लग्नात मामा ढोलासकट रस्त्यात आडवे झाले. पाहुण्यांना वाटलं, नाचतायत. नागिणीचं गाणं चालू होतं, त्यामुळे दोघं-तिघं शेजारी येऊन तेही आडवे झाले. मामा उठेनात तेव्हा कुठे कोणाच्या तरी लक्षात आलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऊन लागलंय, पुन्हा असलं जाड कापड अंगात घालून उन्हात फिरायचं नाही.

यंदा लग्नसराई सुरू झाल्यावर मामांनी हे बँडच्या मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "कोट झेपत नसंल तर ढोल ठिवा खाली आन् घरी बसा. गिऱ्हाईक कोट बघून सुपारी देतं, तुमचं त्वांड बघून न्हाई."

घरी बसा. हे असं म्हणणं किती सोपं! मामांनी उभा जन्म ढोल वाजवला. मामीनं मला फोन केला तो रडत नाही, चिडून. "तू संघटना-बिंघटना करतीस ना? मग ये आन् कर कायतरी. दोन दिस घरी बसलेत तर पिठाचा डबा वाजवून वाजवून पोचे पाडलेत. काल शेजारीण दळण द्यायला आली तर तिच्या सुपावर ताल धरला. ह्या मान्साला ढोल न्हाई मिळाला तर मी माहेरी जानार."

मी मिळेल त्या एसटीनं मिरजगाव गाठलं.

आमच्याकडे एक पद्धत असते. संप करायचा तर आधी गेट मीटिंग. पण बँडला गेट नसतं. बँडला असतं दुकान, हायवेच्या कडेला, एक शटर आणि वर नवरा-नवरीचं चित्र. म्हणून आम्ही शटर मीटिंग घेतली. मालक जेवायला घरी गेले होते. सगळे वाजवणारे शटरला टेकून बसले आणि मी उभी राहिले. मी गिरण्यांपासून सुरुवात केली. वाफेची यंत्रं आली, भोंगे आले, बायापोरांना अंधारात कामाला जुंपलं, आणि तेव्हा कामगारांनी पहिल्यांदा काम थांबवलं...

"बेटी," क्लॅरनेट वाजवणाऱ्या चाचांनी हात वर केला. चाचा बँडमधले सगळ्यात जुने, दाढी पांढरी, मिशी काळी केलेली. "ह्याच्यात कोट कधी येतो?"

"येईल चाचा. आधी आठ तासांचा दिवस तर येऊ द्या."

"आठ तासात आमचं लगीन आटपत न्हाई. नवरदेवच तीन तास उशिरा येतो."

"मग त्याच्यावर पण मोर्चा न्या," मागून खुळखुळेवाला म्हणाला.

मी भाषण आटोपतं घेतलं. मागणी एकच ठरली: उन्हाळ्यात कोट बंद आणि मामांचा ढोल मामांकडेच. पदाधिकारी निवडायचे म्हटल्यावर मला वाटलं आता भांडणं होणार. आमच्याकडे कारखान्यात सरचिटणीसपदावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत. इथे काहीच झालं नाही. बँड चालतो तेव्हा जो पुढे तो अध्यक्ष, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. म्हणजे चाचा. त्यांच्या मागचा ट्रंपेटवाला उपाध्यक्ष. खुळखुळेवाला सगळ्यात मागे, तो सदस्य. लोकशाहीच्या दृष्टीनं मला हे खटकलं आणि मी तसं बोललेही. खुळखुळेवाला म्हणाला, "ताई, मागंच बरं असतं. कुत्रं आलं तर आधी पुढच्याला चावतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोर्चा. एसटी स्टँडपासून बँडच्या दुकानापर्यंत. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन स्टँडवर उभी होते आणि समोरून माझे संपकरी आले.

सगळे कोटात.

लाल मखमल, सोनेरी झालर, गळ्यापर्यंत बटणं. मामासुद्धा! डॉक्टरांनी ज्यांना बंदी घातली ते मामा घामानं निथळत, छाती काढून माझ्यासमोर उभे राहिले.

"अहो हे काय? आपण कोटाविरुद्ध मोर्चा काढतोय ना?"

"मग? मोर्चा म्हटल्यावर डरेस पायजे का नको?" मामा म्हणाले. "आमी बँडवाले हाय हे लोकान्ला कळनार कसं?"

"कोट तर मालकाच्या पेटीत असतात. तुम्हाला मिळाले कसे?"

"मागितले," चाचा म्हणाले. "मालकांनी इचारलं, कोनाचं लगीन हाय? म्हणलं लगीन न्हाई, तुमच्यावर मोर्चा हाय. म्हणले न्या, पर चहा सांडू नका."

मी जगभरातल्या संपांबद्दल जेवढं वाचलंय त्यात मालकाकडून गणवेश मागून आणून मालकावर चालून गेलेला एकही मोर्चा मला आठवत नाही. मी तिथल्या तिथे कोट काढायला लावले. तर कोटाच्या आत फक्त बनियन. चाचांच्या बनियनला पाठीवर भोकं. एसटीची वाट बघणाऱ्या बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले. शेवटी कोट खांद्यावर टाकून निघायचं ठरलं.

आता दुसरा घोळ. संप म्हणजे वाजवायचं नाही, हे मीच सांगितलं होतं. पण ही माणसं आयुष्यात कधी वाजवल्याशिवाय रस्त्यानं ओळीत चाललेली नव्हती. एकाचा पाय दुसऱ्याच्या टाचेवर पडायला लागला. ट्रंपेटवाल्याची चप्पल गेली. हाताचं काय करायचं हे कुणालाच कळेना. मी म्हटलं, घोषणा द्या, ताल मिळेल. आमची गेटवरची जी नेहमीची घोषणा आहे, कोण म्हणतं देणार नाही, घेतल्याशिवाय राहणार नाही, ती मी सुरू केली. चाचांनी मला थांबवलं.

"बेटी, आपल्याला कोट घ्यायचा न्हाई. काढायचा हाय."

मुद्दा बरोबर होता. घोषणा दुरुस्त करून मी पुढे होऊन ओरडले, "कोण म्हणतं काढणार नाही!" आणि मागून सगळ्या बनियनवाल्यांनी जोरात उत्तर दिलं, "काढल्याशिवाय राहणार नाही!"

चौकात एक हवालदार उभा होता. तो धावतच आला.

"ओ, काय काढनार हाय?"

"कोट," मी म्हटलं.

"कोट तर काढलेला दिसतोय." त्यानं बनियनची ओळ वरपासून खालपर्यंत बघितली. "आता फुडं काय काढनार? बायाबापड्या हायत्या हितं."

मी त्याच्या हातात पत्रक दिलं. त्यानं तिथेच उभं राहून ते शेवटपर्यंत वाचलं, हे मला मान्य करावंच लागेल, कारखान्याच्या गेटवर इतकं मन लावून कोणी वाचत नाही. मग म्हणाला, "खरं हाय. आमची खाकी बी उन्हाची लई चिकटती." आणि पत्रक घडी करून खिशात घातलं. मी त्याला सभासद व्हा म्हणाले, तर वाहतूक वळवायला निघून गेला.

मालकांनी मोर्चा दुकानाच्या पायरीवर बसून पाहिला. कोट मोजून परत घेतले आणि म्हणाले, "परवा मोठं लगीन हाय. तुमी न्हाई आलात तर माझं अडतंय व्हय? बघाच."

परवा आम्ही पाहिलं. मारुतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली आम्ही सतरंजी टाकून धरणं धरलं, वाजवणारे सगळे बनियनवरच. तिथूनच परण्या जाणार होता. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो तो. सगळं गाव तेव्हा रस्त्यावर असतं, म्हणून जागा मीच निवडली होती.

लांबून बँडचा आवाज आला. मामांचं तोंड उतरलं. "नवीन मान्सं घावली म्हनायची," ते हळूच म्हणाले. "संपलं मग आपलं."

पण चाचा कान देऊन ऐकत होते. "ह्ये तर आपनच हाय."

"म्हणजे?"

"ह्यो क्लॅरनेट माझा हाय. मागल्या साली रेकॉर्डिंग केलं हुतं ना, त्येच. हितं मला खोकला आल्ता. ऐका... हां. आला."

वरात वळणावर आली तेव्हा खरा प्रकार कळला. पुढे टेम्पो, टेम्पोत जनरेटर आणि भले मोठे स्पीकर. त्यामागे आमचे कोट घालून मालकांचे मेहुणे, साडू आणि शेजारचा पंक्चरवाला चालत होते. हातात वाद्यं, गाल फुगवलेले, आवाज सगळा स्पीकरचा. पंक्चरवाल्यानं ट्रंपेट तोंडाला लावला होता पण श्वास घ्यायला तो मध्येच खाली घेई आणि ट्रंपेट मात्र वाजतच राही. आणि मामांचा कोट घालून, मामांचा ढोल पोटाशी बांधून कोण? खुद्द मालक. ढोलासाठी ठरवलेला दुसरा साडू ऐन वेळी ऊन बघून पळाला होता.

याला संपफोडेपणा म्हणतात. आमच्याकडे याच्यासाठी वेगळं पत्रक असतं. मी ते पिशवीतून काढत होते, तेवढ्यात जनरेटर बंद पडला.

एकदम शांतता. मेहुणे अजून गाल फुगवून बोटं हलवतायत, आवाज काहीच नाही. पोरंबाळं हसायला लागली. आणि घोडी थांबली.

वरातीच्या घोडीला तसं शिकवलेलंच असतं. वाजत असलं की चालायचं, वाजायचं थांबलं की थांबायचं, नाहीतर नाचणारे पायाखाली यायचे. घोडीवाल्यानं लगाम ओढला, चुचकारलं, हरभऱ्याची डाळ दाखवली. घोडी बरोबर आमच्या लिंबासमोर उभी राहिली ती राहिलीच. मागून कोणीतरी ओरडलं, "घोडी बी संपात गेली रे!" कारखान्यात एवढी एकजूट मी क्वचित पाहिली आहे.

"ढोल वाजवा, ढोल!" घोडीवाला मालकांवर ओरडला. "तिला ताल पायजे!"

मालकांनी ढोलावर दांडा मारला. धप्प. घोडी एक पाऊल टाकून थांबली. धप्प. आणखी एक पाऊल. मग मालकांनी घाईघाईत दोन्ही हातांनी कसेही दणके दिले आणि घोडी पुढे जायच्या ऐवजी मागे सरकली. नवरदेवानं आयाळ घट्ट धरली. मुंडावळ्या कानात गेल्या.

माझ्या शेजारी मामांची बोटं गुडघ्यावर वळवळत होती. "उलटा हात मारतोय," ते दातावर दात धरून म्हणाले. "अहो, डावा आधी... डावा... आरं देवा." आणि उठले.

मी त्यांच्या वाटेत आडवी आले. "मामा! संप आहे!"

"संप हाय, मान्य हाय. पर पोरगं पडंल ना खाली!"

"तुम्ही वाजवलंत तर आपण हरलो. उद्यापासून तुम्ही घरी, पिठाचा डबा आणि तुम्ही."

मामा मधल्यामध्ये उभे. एक पाय सतरंजीवर, एक रस्त्यावर. मग त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. चाचांनी दाढीवरून हात फिरवला, विचार केला आणि निर्णय दिला, "शिकवनं म्हंजे वाजवनं न्हाई. शिकवायला हरकत न्हाई."

असा नियम कुठल्याही संघटनेच्या घटनेत नाही. मी सांगेपर्यंत मामा रस्त्याच्या मधोमध पोचलेसुद्धा. हात पाठीमागे घट्ट बांधलेले, आणि नुसत्या तोंडानं, "मालक, डावा मऊ, उजवा ठोक. धिं, तडाक् धिं. न्हाई, न्हाई. धिं, मग थांबा. घाई कशाला? घोडी काय एसटी हाय व्हय?"

मालक ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा आणि कोट एकाच रंगाचे झाले होते. झालरीवरून घाम ठिबकत होता. दोन-चार दणके मारून ते डगमगले आणि ढोलासकट रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले. मामांनीच त्यांचा ढोल सोडवला. मामांनीच बटणं काढायला हात घातला.

"कोट नगा काढू," मालक पुटपुटले. "गिऱ्हाईक बघतंय."

"कोन बघतंय?" गर्दीतून नवरदेवाची आई पुढे आली. नऊवारी, नथ, हातात आरतीचं ताट, आणि आवाज असा की स्पीकरची गरजच नव्हती. "आमी मागितला व्हय कोट? मुहूर्त टळायला आला, घोडी उभी, आन् तुमाला कोटाची पडली?"

"वहिनी, समदी गिऱ्हाईकं कोट बघूनच..."

"आमाला वाटायचं तुमालाच आवडतो! आमी मनात म्हनतो, येवढ्या उन्हाचं ह्ये लोक अस्वलासारखं का हिंडत्यात? पर म्हणलं आसंल त्यांच्यात तसं."

मी सांगते, एवढ्या वर्षांत या एका प्रश्नावर मालकानं गिऱ्हाइकाला विचारलं नाही, गिऱ्हाइकानं बँडला विचारलं नाही आणि बँडनं कोणालाच विचारलं नाही. बिनविचारता माणसं भाजत राहिली. राग यायला नको?

"आई, मी बी शेरवानी काढू का?" घोडीवरून नवरदेव म्हणाला.

"तू गप बस."

मी मालकांच्या समोर जाऊन उभी राहिले. खरं तर मागण्यांचं निवेदन वाचून दाखवायचं होतं, पण मुहूर्त टळत होता आणि आईसाहेबांच्या हातातलं ताट माझ्याकडे वळत चाललं होतं. म्हणून थोडक्यात विचारलं, "कोट बंद?"

"बंद," मालक म्हणाले.

"आजच्यापुरता की कायमचा?"

"कायमचा बाई, कायमचा! निदान उन्हाळ्यात तरी."

"आणि ढोल कोणाचा?"

मालकांनी मानेवरचा पट्ट्याचा वळ चोळला. "त्येंचाच. त्येंचाच हाय तो. माझ्या बापाचं काम न्हाई."

चाचांनी तिथेच संप मागे घेतल्याचं जाहीर केलं, म्हणजे क्लॅरनेट मेहुण्याच्या हातातून हिसकावून घेऊन धोतराला पुसला. बाकीचे बनियनवर उठले. मामांनी ढोल पोटाशी बांधला, दांडा एकदा हवेत फिरवला आणि पहिला ठोका मारला. घोडी अशी निघाली की घोडीवाला मागे राहिला. बनियनवाल्या बँडमागे अख्खी वरात मारुतीपर्यंत नाचत गेली. पंक्चरवाला सगळ्यात जास्त नाचला, कोट काढून.

इथे थांबले असते तर पत्रकात छान दिसलं असतं. पण जे झालं ते सांगितलं पाहिजे.

मालकांनी शब्द पाळला. कोट पेटीत गेले आणि सगळ्यांना पातळ सुती पांढरे शर्ट आणि काळ्या पँटी आल्या. पुढच्या आठवड्यात सोनईला लग्न होतं. मीही गेले, विजय बघायला. मांडवात शिरताच एका काकांनी चाचांना हाक मारली, "ओ दादा, हिकडं जिलबी आना!" केटरर्सच्या वाढप्यांचाही पांढरा शर्ट आणि काळी पँटच होती. ट्रंपेटवाल्याला दोघांनी पाणी मागितलं. खुळखुळेवाल्याला एका बाईनं कडेवरचं पोर देऊन हात धुवायची जागा कुठे, ते विचारलं.

चाचा संतापून बाहेर आले. "क्लॅरनेट घेऊन जिलबी कोन वाढतं? सांगा बेटी, कोन वाढतं? इज्जतच गेली. कोट हुता तवा निदान लोकं लांब राहायची."

ट्रंपेटवाला म्हणाला, मखमलीची नुसती टोपी घेतली तर? खुळखुळेवाला म्हणाला, नुसती कॉलर? मांडवामागे, बटाट्यांच्या पोत्यांपाशी, तातडीची बैठक भरली. मी म्हटलं, खबरदार! कॉलर आली की बाही येईल, बाही आली की अस्तर येईल. मिळवलेला हक्क असा इंचाइंचानं परत जातो. चाचा म्हणाले, मताला टाका. मी म्हटलं, टाका, पण मामा कुठायत? ज्यांच्यासाठी सगळं केलं त्यांचं मत पाहिजेच.

मामा मांडवात होते. पोटावर ढोल बांधलेला, आणि एका हातात मठ्ठ्याचा जग. कोणा म्हाताऱ्यानं मागितला म्हणून त्यांनी त्याला वाढला होता, मग शेजारच्यानं ग्लास पुढे केला, मग पूर्ण रांगेनं केला. ढोल मध्ये येत असल्यामुळे ते प्रत्येकाला जरा तिरके होऊन वाढत होते.

"मामा, हे काम तुमचं नाही! वाढप्यांची माणसं कमी आहेत म्हणून तुम्ही..."

"व्हय गं, कळतंय." त्यांनी जगात उरलेला मठ्ठा स्वतःच्या ग्लासात ओतला आणि एका दमात प्यायला. शर्टाची कॉलर धरून आत वारा घातला. "कोट-बिट काय न्हाई. सांग तुझ्या अध्यक्षाला. लई गार वाटतंय."

बाहेर घोडी आली होती. मामांनी जग माझ्या हातात दिला, ढोल सरळ केला आणि उन्हात निघून गेले. माझ्यासमोर ताबडतोब तीन ग्लास पुढे आले.